एका शब्दाचा निरोप

ख्रिस्ती उपासनेत ‘आलेलुया’ हा परम आनंदाचा शब्द होय. तो मूळचा हिब्रू. ‘परमेश्वराचे स्तवन करा’ हा त्याचा अर्थ. ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ हा आत्मशोधनाचा काळ. म्हणून रोमन कॅथलिक देवळांत त्या दिवसांत हा शब्द गात नाहीत. पूर्वी तर उपवासकाळाच्या तीन आठवडे आधीच त्याला निरोप देत.

फ्रान्समधील तूल नगरात पंधराव्या शतकात हा निरोप बालगायक देत. शनिवारी क्रूस, मशाली, धूप व पवित्र जल घेऊन त्यांची मिरवणूक निघे. प्रेत वाहावे तसे मातीचे एक ढेकूळ ते वाहून नेत आणि विलाप करीत पुरून टाकीत. गाणे हेच ज्यांचे जीवन, त्यांनीच आपला लाडका शब्द मातीआड करावा, हे केवढे कठीण!

१९६९ साली नव्या पंचांगातून ते तीन आठवडे वगळले गेले. उपवासकाळातील मौन मात्र कायम आहे. वसईच्या देवळांतही मराठी गीतांतून हा शब्द तेवढे दिवस लोपतो आणि ईस्टरच्या आदल्या रात्री घंटानादासह पुन्हा दुमदुमतो. स्वेच्छेने सोडलेली प्रिय वस्तू परत लाभते, तेव्हाच तिचे खरे मोल कळते.