आजीला उघडता येईल असं दार



किचनचं काम काढलं की आपला पहिला प्रश्न असतो रंग कोणता आणि दुसरा, खर्च किती. आमचंही तसंच झालं. दार कोण उघडणार, कशाने उघडणार, हे आम्ही कोणी विचारलंच नाही. पुढे त्याचं काय झालं ते सांगते. सध्या सॅम्पलचे तुकडे समोर पसरून बसलेल्यांना कदाचित उपयोग होईल.

आम्ही बुकित तिमाहला, तोह यी ड्राइव्हवरच्या एचडीबीत राहतो. ब्यूटी वर्ल्ड स्टेशनवरून चढ चढून यायचं. जवळच ती १६४ मीटरची टेकडी आणि तिचं जंगल. हवा इतकी दमट, की तांदळाचे दाणे टाकल्याशिवाय बरणीतलं मीठ सुटं राहत नाही. हे मीठ लक्षात ठेवा, कपाटाची दारंही याच हवेत राहतात.

२०१७ साली जुना फ्लॅट घेतला तेव्हा पांढरं, बिनहँडलचं किचन आम्हाला फार आवडलं. सपाट मेलामाइनची दारं, कुठे काही बाहेर आलेलं नाही. ओट्याखाली अॅल्युमिनियमची खोलगट पट्टी, तिला इथे गोला प्रोफाइल म्हणतात. तिच्यात बोटं घालून दाराची वरची कड मागून पकडायची आणि ओढायचं. वरच्या कपाटांची दारं खालून दोन सेंटिमीटर लांब ठेवलेली, त्याच कडेला धरून ती उघडायची. फोटोत तर मासिकातलं घर दिसायचं.

मधली कोविडची वर्षं गेली आणि २०२३च्या दिवाळीनंतर आई नाशिकहून तीन महिन्यांसाठी आली. ती सत्तरीची. दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात. फोनवर म्हणायची, "जरा दुखतं गं." मी म्हणायचे, "शेकत जा."

पंधरा दिवसांत माझ्या लक्षात आलं, की ओट्यावर पसारा वाढतोय. डाळीचे डबे बाहेर, पोहे बाहेर, मिसळणाचा डबा तर कायमच बाहेर. मी रोज रात्री उचलून आत ठेवायचे, सकाळी परत तेच. मग खालच्या दोन दारांच्या वरच्या कडेला टवके उडालेले दिसले. कडेची पट्टी निघाली होती आणि ओट्यावरून ओघळलेल्या पाण्याने आतला भुसा फुगायला लागला होता. मी चिडले. "आई, दारं आपटू नकोस ना, इथे सुतार बोलवायचा म्हणजे किती पैसे जातात!"

आई काही बोलली नाही. सहा वर्षांची लेक म्हणाली, "आजी आपटत नाही. आजी चमच्याने उघडते."

अंगठा आणि बोटांच्या चिमटीत दाराची कड धरणं आईला जमत नव्हतं. म्हणून ती भाताच्या चमच्याचा दांडा फटीत घालून दार उचकटायची. आणि परत परत तेच करावं लागू नये म्हणून डबे बाहेर ठेवायची. मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?" तर म्हणे, "तुमचं एवढं हौसेने केलेलं घर. त्यात मी कुठे खोड काढू?"

त्यानंतर तिने चमचा वापरणं बंद केलं. काही हवं असेल तर लेकीला हाक मारायची, ती शाळेत असेल तर मी येईपर्यंत थांबायची. हळूहळू किचनमध्ये जाणंच कमी झालं. दुपारी सोफ्यावर बसून राहायची. आणि आणखी एक गोष्ट झाली. आमची लेक मराठी शिकायची ती ओट्याशी उभी राहून. उलथनं, पळी, झारा, चिमूटभर, ओंजळभर, "झाकण घट्ट लाव गं" हे सगळं तिथलं. आजी सोफ्यावर गेल्यावर दोघींमध्ये आयपॅड आला. तुम्हीही परदेशात मुलं वाढवताय, यात काय जातं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आई परत गेली आणि मी कपाटाच्या दारांचा अभ्यास सुरू केला. जो आधी करायला हवा होता.

आधी मेलामाइन म्हणजे काय. नक्षीचा किंवा रंगाचा कागद मेलामाइनच्या राळेत भिजवून, गरम दाबाखाली बोर्डाच्या दोन्ही बाजूंना चिकटवतात. आपल्याकडचे सुतार याला प्रीलॅम म्हणतात. वरून वेगळी सनमायका चिकटवायची भानगड नाही. लग्नाच्या आहेरात यायचे ते मेलामाइनचे डिनर सेटही याच राळेतले. आठवतात ना? नवीन असताना चकचकीत, आणि ओरखडे पडले की त्यांच्यात हळद शिरून पिवळे. दारांचंही तसंच. गुळगुळीत पृष्ठभाग सहज पुसला जातो, खरखरीत किंवा खोल रेघांच्या टेक्स्चरमध्ये हळद-तेल अडकून बसतं.

आता आकार. मेलामाइनचा बोर्ड आधीच कागद चढवून येतो, त्यामुळे त्याच्यावर कोरीवकाम करता येत नाही. कोरलं की आतला भुसा उघडा पडतो. म्हणून खरं मेलामाइनचं दार म्हणजे सपाट फळी आणि चारही कडांना पट्टी. शोरूममध्ये "मेलामाइनमध्ये शेकर डिझाइन" म्हणून चौकटीचं दार दाखवलं, तर ते कसं बनवलंय हे नक्की विचारा. दोन शक्यता असतात.

एक, पाच तुकड्यांचं दार: चार पट्ट्यांची चौकट आणि मध्ये फळी. दिसायला सुंदर. पण प्रत्येक कोपऱ्यात सांधा, आणि चौकटीच्या आतल्या कडेला चिकटा साठायला खाच. आपल्याकडे रोज दोन वेळा फोडणी होते. ती खाच दर आठवड्याला टूथब्रशने घासायची तयारी असेल तर जरूर घ्या, किंवा गॅसपासून लांबच्या कपाटांना लावा.

दुसरी, एमडीएफवर मशिनने नक्षी कोरून वरून पीव्हीसीचा पातळ पापुद्रा ताणून बसवलेलं दार. हे मेलामाइन नव्हेच. पुढून सांधा नाही, ही त्याची चांगली बाजू. पण उष्णता सोसत नाही. कुकरच्या शिट्टीची आणि राइस कुकरची वाफ रोज एकाच जागी लागली, की पापुद्रा कडेपासून सुटायला लागतो.

कडा. मी शिकलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. बोर्डात पाणी समोरून जात नाही, कडेतून जातं. आणि पार्टिकल बोर्ड एकदा फुगला की वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. तेव्हा पट्टी चारही कडांना आहे ना, वरची आणि खालची धरून, हे बोट फिरवून बघा. ०.४ मिलिमीटरची पट्टी लवकर टवकते, १ किंवा २ मिलिमीटरची मागा. कोणत्या गोंदाने बसवणार तेही विचारा. पीयूआर गोंद साध्या गरम गोंदापेक्षा दमटपणा आणि उष्णता जास्त सोसतो. आतून हिरवट दिसणारा बोर्ड दमट हवेसाठी चांगला म्हणून दाखवतात, पण हिरवा हा नुसता रंग असतो, बोर्डाचा दर्जा कागदावर लिहून घ्या. आणि असा बोर्ड ओलसरपणा सोसतो, पाण्यात भिजलेला टिकत नाही. सिंकखालच्या दारासाठी मी प्लायवूडच घेतलं, त्याला दोन्ही बाजूंनी लॅमिनेट. एकाच बाजूने लावलं तर या हवेत दार वाकतं.

दार बसवायची पद्धत. खोक्याच्या कडा पूर्ण झाकणारं दार इथे सगळ्यात कमी त्रास देतं. चौकटीच्या आत बसणारं दार जुन्या वाड्यातल्या फडताळासारखं देखणं दिसतं, पण भोवतीची फट दोन-तीन मिलिमीटरची. कड जराशी फुगली की दार अडकलंच. बिजागऱ्या साधारण ९० सेंटिमीटर उंचीपर्यंत दोन पुरतात, त्याहून उंच दाराला वाढवाव्या लागतात.

लहान बाळ असलेल्यांसाठी एक. या बोर्डांच्या गोंदात फॉर्माल्डिहाइड असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांमध्ये घातलं, आणि सिंगापुरात घरातल्या भिंतींच्या रंगात ते वापरायला १ जानेवारी २०२३पासून बंदी आहे. बोर्डासाठी ई-१ किंवा ई-० दर्जाचं प्रमाणपत्र मागा. उघड्या कडा आणि भोकं यांच्यातून वायू जास्त सुटतो, म्हणून कपाटाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडांनाही पट्टी लावून घ्या. काम झाल्यावर दारं-खिडक्या उघड्या ठेवून घर काही दिवस मोकळं राहू द्या.

आणि शेवटी हँडल. गोल मुठीला चिमूट लागते. गोला पट्टीलाही चिमूट लागते, शिवाय तिच्यात कणीक साठते. दाबून उघडणाऱ्या दाराला पकड लागत नाही, पण प्रत्येक वेळी तेलाचा ठसा उमटतो, आणि रांगणारं बाळ दार सहज उघडतं. इंग्रजी डी अक्षरासारखं हँडल मात्र चार बोटं अडकवून ओढता येतं. अंगठ्याचं कामच नाही. हात कणकेने भरले असतील तर मनगटानेही ओढता येतं. परीक्षा सोपी आहे: अंगठा तळव्यात मिटून दार उघडून बघा.

आम्ही ही परीक्षा आईकडूनच करून घेतली. ती नाशिकला घराजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली, मी व्हिडिओ कॉलवर. दुकानदाराने फळीवर ठोकलेली सगळी हँडलं तिने एकेक करून ओढून बघितली. मला आवडलेलं बारीक सोनेरी तिने लगेच बाद केलं. "बोटाला रुततं." जाड, गोलसर दांडीचं तिला बरं वाटलं. भोकांमधलं अंतर १२८ मिलिमीटर. ही अंतरं बहुतेक ३२च्या पटीत असतात, त्यामुळे तसंच हँडल इथेही मिळालं.

सुंगेई कादुतच्या एका सुतार अंकलनी आणखी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. आतले खोके चांगले असतील तर ते राहू द्या, फक्त दारं बदला. बिजागरीची ३५ मिलिमीटरची भोकं जुन्याच मापावर पाडायची. त्यांनी दोन दिवसांत काम संपवलं आणि खर्च नव्या किचनच्या मानाने बराच कमी आला. तीच सपाट मेलामाइनची दारं, फिकट लाकडी रंगाची, १ मिलिमीटरची कड आणि जाड हँडलं. रंग ठरवण्याआधी सॅम्पलच्या तुकड्यांवर हळद-तेल चोपडून रात्रभर ठेवलं, सकाळी धुतलं. पाचातले दोन नापास. फोनवर आई म्हणाली, "उन्हात ठेव, हळद उडते." ते खरंच आहे, हळदीचा रंग उन्हाने उडतो. पण कपाटाचं दार रोज गॅलरीत कोण वाळत घालणार!

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आई परत आली. पहिल्या दिवशी काही बोलली नाही, एकेक दार उघडून बघत गेली. मग सगळे डबे तिच्या मनाप्रमाणे लावले. मला आजही जिरं सापडत नाही. हँडलवर ओलं फडकं टाकायची तिची सवय मला अजिबात आवडत नाही, खालची कड भिजते. मी ते काढते, ती परत टाकते. लेक ओट्याशी स्टूल ओढून पुन्हा उभी राहायला लागली. मधल्या काळात बरेच शब्द विसरली होती. काही परत आले, काही अजून यायचेत.

तेव्हा मंडळी, सॅम्पल घरी आणा, हळद लावा, कडेवर बोट फिरवा. आणि दरवर्षी तुमच्याकडे येऊन राहणारं जे कोणी असेल, त्यांच्या हातात हँडल देऊन विचारा. स्वतःहून ते सांगणार नाहीत.

तुमच्याकडे काय केलंय ते खाली लिहा. विशेषतः सिंकखालच्या दाराला कोणी याहून चांगला उपाय शोधला असेल तर मला हवाय. आई दिवाळीनंतर येतेय, आणि फडकं काही ती सोडणार नाही.