पाचशे नंबरचं कार्ड

न्यू जर्सीतलं, एडिसनचं आमचं घर विकायला काढलं आणि माळा रिकामा करायची वेळ आली. चौतीस वर्षांचं सामान. त्यात मुलाची बेसबॉल कार्डं निघाली. बुटांच्या तीन खोक्यांत सुटी, आणि चार पेट्या अगदी नव्याकोऱ्या. मुलगा सिअ‍ॅटलला असतो. फोनवर म्हणाला, "बाबा, टाकून द्या." मला ते पटेना. त्या पेट्या त्याच्या नव्हत्या, माझ्या होत्या.

मी सांगलीकडचा. बेसबॉल मला आजही अर्धाच कळतो. पण १९८७ च्या डिसेंबरात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने कानमंत्र दिला होता: टॉप्स कंपनीचा वर्षाचा पूर्ण संच घ्या, ७९२ कार्डं, आणि हात न लावता ठेवून द्या, पोराच्या कॉलेजची फी निघेल. आमच्या घरात वडील पोस्टाची बचत प्रमाणपत्रं कपाटात जपायचे, तसंच हे, असं मी धरून चाललो. ओळीने चार वर्षं चार संच आणले. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. पेटी हातात दिली, फोटो काढला, परत घेतली. वर चिकटपट्टी मारली आणि बजावलं, "उघडायची नाही."

त्या काळी अमेरिकेतल्या कितीतरी बापांनी हेच केलं, हे मला फार उशिरा समजलं. जुन्या कार्डांना भाव आला होता तो ती उरली नव्हती म्हणून. पोरांनी खेळून फाडली, आयांनी साफसफाईत फेकली. १९५२ च्या संचातली न खपलेली कार्डं तर कंपनीच्या साय बर्गर यांनी १९६० मध्ये बोटीतून नेऊन समुद्रात बुडवली, अशी हकीकत ते स्वतःच सांगत. त्याच संचातलं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं. आमच्या वेळी मात्र कंपन्यांनी भरमसाट छापली आणि सगळ्यांनी जपून ठेवली. सगळ्यांनीच जपलेल्या वस्तूला कोण भाव देणार?

तरी गाडीत घालून दुकानात नेली. दुकानदार साठीचा, गळ्यात भिंग. सुट्या कार्डांवरून त्याने बोटं फिरवली, कोपरे बघितले, काही बोलला नाही. मग १९८७ ची पेटी उलटसुलट करून म्हणाला, "ही कोणीतरी उघडलीय. पट्टीवर पट्टी आहे."

मी म्हटलं, शक्यच नाही.

त्याने पट्टी कापली. कार्डं नंबराने लावलेली होती. त्याने आधी बॅरी बाँड्स पाहिला, मग मार्क मॅकग्वायर. दोघे जागेवर. पुढे सरकत गेला आणि थांबला. ४९९ नंतर एकदम ५०१.

"डॉन मॅटिंगली," तो हसला. "चोराला पैशाचं काही पडलेलं नव्हतं. यांकीजचा भक्त असणार."

मी तिथूनच मुलाला फोन लावला. थोडा वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाला, "सायकलला लावलं होतं, बाबा. मागच्या चाकाला. आईचा कपड्यांचा चिमटा घेऊन."

आणि मला ते एकदम ऐकू आलं. संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन चहा घेत असे तेव्हा रस्त्यावरून जाणारा तो फटफट आवाज, मोटरसायकलसारखा. मी खिडकीतून ओरडायचो, "बंद कर तो आवाज!" ज्या वस्तूवर त्याची फी काढायची होती ती माझ्या डोळ्यांदेखत चाकात फिरत होती.

"तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही पेटी कधी उघडणार होतात?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फी शेवटी कर्ज काढूनच भरली. पेटी मात्र मी उघडली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. आत काय चित्रं आहेत हे मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. कडेने लाकडासारखी तपकिरी चौकट, मध्ये उन्हात डोळे बारीक केलेले तरुण.

बाकीच्या तीन पेट्या आणि सुट्या कार्डांचे मिळून दुकानदाराने ४५ डॉलर दिले. मी घासाघीस केली नाही. मग त्याने काउंटरवरच्या किरकोळ कार्डांच्या ढिगातून एक मॅटिंगली शोधून काढला. "हा घ्या, फुकट. तुमचा संच पूर्ण होईल."

मी नको म्हटलं.

ती पेटी आता आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आहे. पट्टी पुन्हा मारलेली नाही.