पलिता कुणाच्या हातात

परवा संध्याकाळी आमच्या गल्लीत महापालिकेची धुराची गाडी आली. डेंग्यूचा हंगाम. पोरं धुरामागं पळत होती, बाया धडाधड खिडक्या लावत होत्या, आणि मी दारात तसाच उभा. डिझेल की रॉकेल, जे काही जळत होतं त्याचा वास नाकात शिरला आणि मी थेट दौलताबाद किल्ल्याच्या अंधारीत, त्या काळोख्या भुयारी वाटेत, जाऊन पोचलो.

शाळेची सहल होती. गाइडच्या हातात काठीला चिंध्या गुंडाळून रॉकेलमध्ये बुचकळलेला पलिता. त्याचा धूर, वटवाघळांचा कोंदट वास, पायाखाली लेंड्यांचा मऊ थर. आधाराला भिंत धरावी तर ती ओलसर लागे. पायऱ्या मुद्दाम वेड्यावाकड्या कोरलेल्या, एक चार बोटं उंच तर पुढची गुडघाभर, त्यामुळं थोड्याच वेळात स्वतःच्या पायांवरचा भरवसा उडतो. एका वळणावर गाइड थांबला, "बच्चों, हिलो नक्को" म्हणाला आणि त्यानं पलिता विझवला.

अंधाराची तशी भीती वाटली नाही. कुणाची तरी पाण्याची बाटली दगडावर आपटली, कुणी खिदळलं. मग गाइड पुन्हा बोलला, आणि त्याचा आवाज आमच्या पाठीमागून आला. समोर उभा असलेला माणूस चाळीसेक पोरांतून कुणालाही धक्का न लावता मागं गेला कसा? की दगडावरून आवाजच फिरून आला? उलगडा अजून झालेला नाही आणि मला तो करूनही घ्यायचा नाही.

पुढं भीतीचे जेवढे सिनेमे पाहिले, त्यांत मी आधी एवढंच शोधलं की पलिता कुणाच्या हातात आहे. कॅमेरा म्हणजे शेवटी तोच. तो दाखवील तेवढंच दिसणार, आणि तो आपल्या बाजूचा आहे याची खात्री कुणी दिलेली नाही. सॅम रेमीनं 1981च्या 'द ईव्हिल डेड'साठी कॅमेरा लाकडी फळीला बांधला आणि दोघांनी ती फळी धरून जंगलातून धाव घेतली. पडद्यावर राक्षस दिसतच नाही, कारण आपण त्याच्याच डोळ्यांनी बघत असतो. रामगोपाल वर्मानं 2003च्या 'भूत'मध्ये वाडा, हवेली काही ठेवलं नाही. मुंबईतला फ्लॅट, लिफ्ट, वॉचमन, आणि गाणं एकही नाही. तो पाहून आल्यावर मी बरेच दिवस सिडकोतल्या मित्राच्या इमारतीत जिन्यानंच वर जायचो.

आवाजाच्या बाबतीत मात्र माझा एक जुना राग आहे. हल्ली दार किरकिरतं, आतून मांजर उडी मारतं आणि मल्टिप्लेक्सच्या भिंती हादरतील असा ढॅण् होतो. मागून येऊन कानाशी कागदी पिशवी फोडणाऱ्या पोराला आपण कलावंत म्हणतो का? 1949 साली कमाल अमरोहींचा 'महल' आला. त्यातल्या प्रसिद्ध गाण्याच्या सुरुवातीच्या ओळी लताबाईंनी माइकपासून लांब उभ्या राहून, गात गात जवळ येत म्हटल्या. ही आठवण त्यांनीच सांगितलेली आहे. संगीतकार खेमचंद प्रकाश. आवाज मोठा कुठंच होत नाही, फक्त जवळ येतो, आणि ज्याच्या दिशेनं येतो तो आपल्या जागचा हलत नाही. छायाचित्रण जोसेफ विर्शिंग या जर्मन माणसाचं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारनं त्याला शत्रूदेशाचा म्हणून नजरकैदेत टाकलं होतं. सुटून आल्यावर त्यानं केलेल्या सिनेमांतला हा एक. बंद जागेतल्या सावल्या त्यानं कुठं पाहून ठेवल्या असतील, असा विचार मला 'महल' पाहताना दरवेळी येतो. तो निराधारही असेल.

भीती कानालाही न कळता आत शिरते म्हणतात. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला विक टँडी नावाच्या अभियंत्याला प्रयोगशाळेत करडी आकृती दिसली, अंगावर काटा आला. शोधता शोधता गुन्हेगार सापडला तो नवा बसवलेला पंखा. त्याच्यामुळं खोलीत 19 हर्ट्झच्या आसपासची लाट भरून राहत होती. आपल्या कानाची हद्द साधारण 20पासून सुरू होते. 1998 साली त्यानं हे प्रसिद्ध केलं. मी लगेच अंधारीचा विचार केला, पण तिथं पंखा कुठला!

गंमत अशी की एवढी अंधारी कोरून दौलताबाद, म्हणजे तेव्हाचा देवगिरी, पडला तो मिठानं. 1296 साली अल्लाउद्दीन चालून आला, रामदेवराव वर किल्ल्यात शिरले, आणि वेढ्यात कळलं की धान्य म्हणून घाईत वर चढवलेल्या गोण्यांत मीठ आहे, अशी कथा सांगतात. शत्रूवर अंधारीत शिरून चाचपडण्याची वेळच आली नाही. कोठारात गोणी फोडून मुठीत मीठ घेणारा तो माणूस कुणी पडद्यावर आणला, तर मी पहिल्या दिवशी तिकीट काढीन.

आणि सिनेमातल्या भुताची ती पांढरी साडी. मोकळे केस, हातात मेणबत्ती, धुक्यातून चाललेली बाई. विधवेचा पोशाख घालून तिला भूत केलं की झालं. पण आमच्याकडच्या ब्राह्मण घरांतली जुनी विधवा पांढऱ्यात नव्हतीच. तिचं डोकं भादरलेलं आणि अंगावर लाल आलवण. माजघराच्या कोपऱ्यात ती जिवंतपणीच सावली होऊन राहायची, तिला मेणबत्ती कुणी दिली नाही.

गावाकडच्या भीतीच्या सिनेमांपैकी 'तुंबाड'वर सगळ्यांचं लिहून झालंय, म्हणून मी 'लपाछपी'कडं वळतो. विशाल फुरिया यांचा 2017चा सिनेमा. चहूकडं ऊस, मधोमध एक घर, त्यात पोटुशी पूजा सावंत आणि तिचं मायेनं सगळं करणाऱ्या उषा नाईक. भर उन्हात घाबरवायचं धाडस या सिनेमानं केलं. पाचटाची सळसळ, दोन हातांपलीकडचं न दिसणं, एकसारख्या सऱ्या. ही अंधारीच, फक्त वरून ऊन पडलेली. पुढं याच दिग्दर्शकानं तो हिंदीत 'छोरी' नावानं केला.

मी तो बीडकडच्या आत्याबरोबर पाहिला. ऊस दिसताच ती म्हणाली, "तोडणी लांबलेली दिसती." लहान पोरं अचानक दिसली, मी दचकलो, ती ढिम्म. घाबरली ती उषा नाईक ताट वाढतात तेव्हा. "हिच्या हातचं खाऊ नगं गं," असं टीव्हीलाच म्हणाली. संगीत अजून गप्पच होतं. गर्भातल्या मुलींचा विषय तोवर उघडाही झाला नव्हता. 2011च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं 807 मुली होत्या, राज्यात सगळ्यांत कमी. आत्याला हा आकडा ठाऊक नाही. तिला जीपमधून तालुक्याला नेलेली जाऊ ठाऊक आहे.

सिनेमा संपल्यावर मी उसातल्या कॅमेऱ्याचं कौतुक करत बसलो. तिनं ते ऐकून घेतलं.

"समदं खरंय," ती म्हणाली, "पर भुतं कशाला आणली मधी? तशा माघारी येत असत्या, तर आमच्या गावात एक घर ऱ्हायलं नसतं."

सूड, प्रतीक, दिग्दर्शकाचा हेतू असं काहीबाही मी बोलायला लागलो, तर म्हणाली, "आता माझी मालिका लाव."