इंजिनच्या कव्हरचा रंग : काही टिपणे

सोलापुरात इंजिनच्या रंगाला पाण्यापेक्षा ऊन जास्त मारतं. रत्नागिरी-मालवणकडे खारी हवा ॲल्युमिनियमवर पांढरी पूड उठवते, रंगाखाली शिरते. आपल्याकडे पाऊस मुळात बेताचा. पण एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३च्या घरात, आणि गाडी दिवसभर उघड्यावर उभी. म्हणून मुंबईच्या मित्राच्या गाडीवर टिकलेला रंग इथे टिकेलच असं धरून चालू नये.

०

क्लच कव्हर आणि मॅग्नेट कव्हर, दोन्ही बहुधा ॲल्युमिनियमची डाय-कास्टिंग. धातू साच्यात कानाकोपऱ्यापर्यंत वाहावा म्हणून त्यात साधारण दहा-बारा टक्के सिलिकॉन असतं. तेच पुढे ॲनोडायझिंगच्या आड येतं. खिडकीच्या सेक्शनवर जे ॲनोडायझिंग सुरेख बसतं, ते कव्हरवर काळपट आणि डागाळ उठतं. त्यात पैसे घालू नयेत. क्रोमचंही तेच. ॲल्युमिनियमवर क्रोम धरायला आधी जस्ताचा, मग तांबे-निकेलचा थर नीट बसावा लागतो. कास्टिंगच्या बारीक छिद्रांत आम्ल अडकलं, की काही महिन्यांत पापुद्रा सुटतो.

०

'इंजिन तापतं, ६०० अंशांचा स्प्रे मार' हा सल्ला सर्रास मिळतो. तो डबा सायलेन्सरसाठी आहे. कव्हरच्या आतलं तेल चालत्या गाडीत साधारण १०० ते १२० अंशांपर्यंत जातं, कव्हर त्याहून थोडं थंडच. एवढ्यासाठी सायलेन्सरचा रंग कशाला? शिवाय तो सिलिकोन रेझिनवर बेतलेला असतो आणि पुरता भाजल्याशिवाय पक्का होत नाही. कव्हर तेवढं तापतच नाही, त्यामुळे रंग अर्धाकच्चा राहतो आणि कार्ब्युरेटरमधून ओघळलेलं पेट्रोल त्याला विरघळवतं. ते ओघळतंही नेमकं कव्हरच्याच बाजूने.

०

पावडर कोटिंग. माझ्या मते रोजच्या गाडीला हेच. पण 'पावडर' एवढं सांगून भागत नाही, कोणती ते विचारावं. एपॉक्सी पावडर तेला-पेट्रोलला उत्तम, पण उन्हात तिची चमक जाते आणि बोट फिरवलं तर खडूसारखी भुकटी लागते. सोलापूरच्या उन्हाला पॉलिएस्टर पावडर हवी.

आता खरी अडचण. आपल्याकडचे बहुतेक पावडर कोटिंगवाले ग्रिल, खुर्च्या, रॅक करतात. पातळ पत्रा आणि पाइप भट्टीत चटकन तापतात. कव्हर जाड, त्याला वेळ लागतो. पावडर पिकायला साधारण २०० अंशांना दहा मिनिटं लागतात. पण ती धातू २०० अंशांना पोचल्यापासून मोजायची, भट्टीचा काटा २००वर आल्यापासून नव्हे. पिकली की नाही हे कळायला सोपी युक्ती आहे. आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर थिनरचं फडकं जोरात घासावं. रंग मऊ पडला किंवा फडक्याला भरपूर लागला, तर कव्हर पुन्हा भट्टीत.

०

जुनं कव्हर वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं असतं. डिझेलने धुतलं, साबणाने घासलं, हाताला कोरडंठाक लागलं, तरी आतली छिद्रं भरलेलीच. रंग न लावता भट्टीत तापवून काढलेल्या क्लच कव्हरवर, किकच्या दांड्याच्या भोकाभोवती, तपकिरी टिपके घामासारखे फुटलेले दिसतात. वर पावडर असती, तर प्रत्येक टिपक्याच्या जागी फुगा आला असता. म्हणून आधी कोरं कव्हर पावडरच्या तापमानापेक्षा थोड्या जास्त आचेवर तासभर भाजायचं, पुसायचं, मगच पुढचं काम. आच मात्र फार वाढवू नये. कास्टिंगमध्ये कोंडलेली हवा फुगून धातूलाच फोड येतात.

०

सँड ब्लास्टिंगबद्दल कळकळीने लिहितो. कव्हरच्या आत तेलाच्या वाटा असतात. त्यांत वाळूचा किंवा काचेच्या मण्यांचा एक कण राहिला, तर तो तेलाबरोबर बेअरिंगपर्यंत जातो. दिसायला चकचकीत झालेल्या कव्हरने आतलं इंजिन खलास केलं, असं होऊ शकतं. ब्लास्टिंगआधी सगळी भोकं रबरी बुचांनी बंद करावीत. नंतर गरम साबणपाण्याने धुऊन प्रत्येक वाटेत हवेचा झोत मारावा. ऑइल सील भट्टीआधी काढावं, नवं घालावं. पॅकिंग बसते ती कड आणि बोल्टचं डोकं टेकतं ती जागा टेपने झाकावी. बोल्टखाली पावडर राहिली तर आवळताना तडकते, आणि पाणी त्या फटीतूनच आत शिरतं.

०

बुटाची घास. जुन्या येझदीला किक आणि गिअरचा दांडा एकच, डाव्या बाजूला. त्या कव्हरवर कोणताही रंग पायाने जायचाच. तिथे कोरं बफिंग बरं. ओरखडा आला तर पुन्हा घासता येतो.

०

बफ केलेल्या बुलेट-येझदीवर पारदर्शक लॅकर मारू नये, हे माझं ठाम मत. एका दगडाने टवका उडाला की तिथून खाली पांढऱ्या नागमोडी रेघा पसरतात. मग सगळं लॅकर खरवडून काढावं लागतं. त्यापेक्षा बफिंग, वर मेण, आणि दर पंधरवड्याला पुसणं. पुसायला सोलापुरी टेरी टॉवेलाचा जुना तुकडा घ्यावा. त्याची लव घाण उचलते, पृष्ठभाग ओरबाडत नाही.

०

काळा रंग गाडी तापवतो का? उभी गाडी उन्हात तापते, हे खरं. पण चालू इंजिनाची उष्णता बाहेर फेकायला चकचकीत ॲल्युमिनियमपेक्षा काळा रंगच सरस. घासून लख्ख केलेला धातू उष्णता फार कमी उत्सर्जित करतो. चालत्या गाडीला मुख्य काम वाराच करतो, त्यामुळे फरक थोडा. पण काळ्याला घाबरायचं कारण नाही.

०

धुलाई. काही ठिकाणी काळ्या मातीचा चिखल पटकन निघावा म्हणून आम्लाचं किंवा कॉस्टिकचं पाणी मारतात. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम सरळ खातो. जुनी पावडर उतरवायलाही कॉस्टिकची टाकी वापरतात. लोखंडी ग्रिलला ती चालते, कव्हरला नाही. बोअरच्या जड पाण्याचे डाग तापलेल्या कव्हरवर पक्के बसतात. इंजिन निवल्यावरच पाणी मारावं.

०

कव्हरबरोबर क्रँककेसही रंगवायची हौस येते. इंजिन नंबर तिच्यावर कोरलेला असतो. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना तो स्पष्ट वाचता यावा लागतो. त्यावर पावडर भरू नये, ब्लास्टिंग तर मुळीच नको.

०

चिंचोळी एमआयडीसीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीचे कॅमशाफ्ट ओतले जातात, ते देशोदेशींच्या गाड्यांत फिरतात. ओतकाम जाणणारी माणसं या शहरात आहेत, विचारायला संकोच नको. तेव्हा कव्हर कामाला देण्याआधी पावडरवाल्याला तीनच गोष्टी विचारा: पावडर पॉलिएस्टर आहे का, कोरं कव्हर आधी भाजणार का, तेलाच्या वाटा कोण बंद करणार? तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर दोन पैसे जास्त द्या. नाही मिळाली तर कव्हर उचला आणि पुढच्या दुकानात जा.