गाणं उभं कुठं राहणार?

गाणं साडेतीन मिनिटांचं आणि जागांची यादी दोन पानांची. भाची आणि तिचे कॉलेजातले मित्र ती यादी माझ्यापुढं ठेवून बसले होते, कारण कोल्हापुरात कुठं काय आहे ते मामाला माहीत असतं, असा आमच्या घरात एक समज आहे. रंकाळा, शालिनी पॅलेस, पन्हाळा, पायऱ्यांची विहीर, उसाचं रान, मग पुन्हा रंकाळा, पण ड्रोनमधून. गाणं त्यांचं स्वतःचं. घर सोडून पुण्याला नोकरीला निघालेल्या मुलीचं. भाची गाते, एकजण गिटार वाजवतो, एकजण ड्रम बडवतो, आणि चौथा एक अबोल पोरगा कॅमेरा सांभाळतो. हा व्हिडिओ त्यांना वर्षअखेरीला कॉलेजात दाखवायचा होता.

यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. तिच्यातली एकही जागा या पोरांनी निवडलेली नव्हती. सगळ्या आधीच कुणीतरी निवडून, वापरून ठेवलेल्या. 2016 साली करमाळ्याच्या मुलखातून 'सैराट' आला आणि तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येक पोराला विहीर हवी असते. त्याच्या आधीच्या पिढीला आगगाडीचा टप हवा असायचा, तो 1998च्या 'दिल से'मुळं. पण निलगिरीच्या डोंगरातली ती चिमुकली गाडी मिरज-कोल्हापूर मार्गावर कुठून आणणार?

खरं तर जागेकडं डोळे उघडून बघायची खोड या गावाला शंभर वर्षांपूर्वीच लागली होती. बाबूराव पेंटर आणि त्यांचे भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. राजवाडा म्हटलं की राजवाडा, अरण्य म्हटलं की अरण्य. पडद्याची सोय अशी की तो कुणाच्या मालकीचा नसतो. त्यातल्या राजवाड्यात कुणी राहत नाही, अरण्यात कुणी लाकडं तोडायला येत नाही, आणि खेळ संपला की सगळं गुंडाळून बैलगाडीत घालता येतं. पुढं आनंदराव गेले, बाबूरावांनी 1918च्या सुमाराला आपल्या हातानं कॅमेरा तयार केला, आणि 1925 साली 'सावकारी पाश' काढला. सावकारानं जमीन गिळलेल्या शेतकऱ्याची गोष्ट, तरुण शेतकऱ्याच्या कामाला व्ही. शांताराम. ज्यांनी तो पाहिला, त्यांच्या लिहिण्यात त्यातली एक अंधारी झोपडी आणि तिच्यापाशी रडणारं कुत्रं राहून गेलं आहे. जन्मभर राजवाडे रंगवलेला माणूस एका झोपडीपाशी का थांबला असेल, याचा थोडा अंदाज मला या पोरांबरोबर हिंडताना आला.

सुरुवात अर्थातच रंकाळ्यापासून. संध्याकाळची वेळ, भेळेच्या गाड्या पेटलेल्या, आणि काठाकाठानं लग्न ठरलेल्या जोडप्यांचे फोटो चाललेले. एका होऊ घातलेल्या नवऱ्यानं होऊ घातलेल्या बायकोला उचललेलं, आणि फोटोवाला "अजून एकदा, अजून एकदा" म्हणतोय. त्या बिचाऱ्याचे हात थरथरत होते. कॅमेरावाल्यानं डोळ्याला कॅमेरा लावला, इकडं वळवला, तिकडं वळवला, खाली घेतला. "मामा, कुठंबी उभं राहिलं तरी आपण कुणाच्या तरी लग्नात जातोय." रंकाळा वाईट नाही हो. पण त्याच्याकडं इतक्यांनी इतक्या वेळा एकाच कोनातून बघितलंय, की आता तोच कुणाकडं बघेनासा झालाय.

पन्हाळ्यावर वारा छान होता. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात, 2025पासून युनेस्कोच्या यादीतही गेलेला. चित्रीकरण करायचं तर आधी अर्ज, फी, परवाना. ड्रोनचं नावही काढायची सोय नव्हती. अंबारखान्याच्या थोरल्या कमानीखाली भाचीनं सहज एक सूर लावला आणि तो कितीतरी वेळ आत फिरत राहिला. रखवालदार दारात येऊन उभा राहिला, शेवटपर्यंत ऐकलं, आणि म्हणाला, "गाणं म्हणा ताई, खुशाल म्हणा. फक्त ते तीन पायाचं काढू नका." ट्रायपॉड पिशवीतच राहिला. मला तो माणूस फार आवडला.

एका तालमीतही गेलो. वर झरोका, त्यातून उन्हाचा एकच पट्टा खालच्या तांबड्या मातीवर. कॅमेरावाल्याचे डोळे चमकले. वस्तादांनी चपला बाहेर काढायला लावल्या, चहा पाजला, आखाड्यातली माती मुठीत घेऊन दाखवली: हिच्यात ताक जातं, हळद जाते, तेल जातं, लिंबू जातं. त्यानंतर तिथं ड्रम मांडायची गोष्ट कुणाच्या तोंडून निघाली नाही.

हा कॅमेरावाला दिवसाकाठी दहा वाक्यं बोलत असेल, त्यातली पाच "ऊन कुठनं येतंय?" अशी. त्याच्यामुळं मला माझ्याच गावातल्या उन्हाची ओळख झाली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, उभ्या काठीला सावली उरत नाही. अशा उन्हात माणसाच्या डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात आणि चांगला हसरा चेहरासुद्धा आजारी दिसतो. डिसेंबरात मात्र तोच सूर्य दक्षिणेकडं कलतो, ऐन दुपारीही पन्नास अंशांच्या आसपासच चढतो, आणि उसाच्या तुऱ्यांना रुपेरी कड येते. म्हणून चित्रीकरण थंडीत करायचं, एवढं एकमतानं ठरलं. बाकी कशावरच एकमत नव्हतं.

भाचीची स्वतःची यादी वेगळीच होती, आणि ती तिनं कुणाला दाखवली नव्हती. मला रिक्षात वाचून दाखवली. कपडे कुठं बदलायचे? जवळपास स्वच्छ संडास आहे का? सहानंतर तिथं कोण बसलेलं असतं? परतीची शेवटची एसटी किती वाजता? "पोरं नुसतं मागं काय दिसतंय ते बघत्यात मामा. मी आधी हे बघतो." आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, बाहेरच्यांना चुकल्यासारखं वाटतं. तिच्या यादीनं पहिल्या यादीतल्या निम्म्या जागा बसल्या जागी कापल्या. जागा निवडण्यावर मी आजवर जे काही वाचलं, त्यात या चार प्रश्नांइतकं शहाणं काही सापडलं नाही.

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर रात्री गेलो. समोर म्हैस पिळून फेसाळता पेला हातात देतात, तो उजेड, ती गर्दी पोरांना हवी होती. कॅमेऱ्यात दिव्यांचे काळे पट्टे सरकायला लागले. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळं काही दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. सेकंदाला पंचवीस चित्रं आणि शटर एक पन्नासांश, असं बसवल्यावर पट्टे थांबले. म्हशी मात्र ड्रमची काठी नुसती आपटून बघितली तरी थांबायला तयार नव्हत्या.

घरी येऊन मी त्यांना 1979च्या 'मंझिल'मधलं पावसाचं गाणं दाखवलं. एकच चाल, सिनेमात दोनदा येते. एकदा किशोरकुमारच्या आवाजात, घरातल्या बैठकीत, हार्मोनियम पुढ्यात घेऊन. दुसऱ्यांदा लताबाईंच्या आवाजात, आणि तेव्हा अमिताभ आणि मौशुमी मुंबईच्या खऱ्याखुऱ्या पावसात मरीन ड्राइव्हवर, ओव्हल मैदानात चिंब भिजत चाललेत. त्यांच्या मागून जाणाऱ्या छत्र्यांना, बसगाड्यांना कुणी वाट पाहायला लावलेलं दिसत नाही. शहराचं काम चालू आहे आणि हे दोघं त्याच्या मधून चाललेत. बैठकीतलं गाणं कानांना गोड लागतं. रस्त्यावरचं अंगावर येतं. पोरं दोनदा बघून गप्प झाली. ड्रमवाला म्हणाला, "पण आपल्यात पाऊस नाही मामा."

पाऊस नव्हता, वाफ होती.

गुऱ्हाळ कुणाच्याच यादीत नव्हतं. पन्हाळ्याहून उतरताना गिटारवाल्याला धूर दिसला आणि गरम काकवी प्यायची हुक्की आली, म्हणून गाडी आत वळवली. तीन बाजूंनी कुडाची भिंत, चौथी बाजू सताड उघडी, वर धुरानं काळे झालेले पत्रे. एका कडेला चरक ऊस चिरडतोय. खाली चुलवाणात एकजण वाळकी चिपाडं सारतोय, वर काहिलीत रस उसळतोय. रानभेंडीच्या चिकानं मळी वर आणायची, ती काढत राहायची, आणि मग रस आटताना त्याचा रंग बघत बसायचं. गुळव्या म्हातारा, अंगानं काटकुळा. थर्मामीटर लावला तर एकशे सोळा-अठरा अंशांशी गूळ तयार होतो म्हणतात. यानं थोडा रस गार पाण्यात टाकला, बोटांनी गोळी वळून बघितली, आणि मान हलवली. अजून नाही.

कॅमेरावाल्यानं डोळ्याला कॅमेरा लावला तर सगळं पांढरं. बाहेरच्या गारठ्यातून आत आलेल्या काचेवर दव धरलं होतं. काच गरम होईस्तोवर तो निमूट बसून राहिला. मग उठून काहिलीच्या पलीकडं, आतल्या अंगाला गेला आणि उघड्या बाजूकडं तोंड करून उभा राहिला. "मामा, हिकडं या." वाफेचं असं आहे, की उजेड समोरून पडला तर ती दिसतच नाही, मागून आला तर तिचा प्रत्येक पदर वेगळा दिसतो. उघडी बाजू पूर्वेची होती. सकाळी ऊन काहिलीपलीकडून आत येणार आणि वाफेतून वावरणाऱ्या माणसांना उजेडाची कड लागणार. भाचीला त्यानं वाफेच्या अलीकडं उभं केलं. ती नुसती उभी होती, गात नव्हती, आणि तरी ती कुठूनतरी निघालेली आहे असं दिसत होतं.

मग त्यांना हळू चालीतला एक तुकडा करून बघायचा होता. सेकंदाला पन्नास चित्रं घ्यायची आणि पंचवीसच्या गतीनं दाखवायची, म्हणजे हालचाल निम्म्या वेगानं दिसते. पण ओठ गाण्याशी जुळायला हवेत, म्हणून घेताना गाणं दुप्पट वेगानं लावावं लागतं आणि गाणारीला त्याच वेगानं तोंड चालवावं लागतं. स्पीकरवर ते विरहाचं गाणं चिवचिवाट करत पळायला लागलं आणि भाची त्याच्या मागून धावायला लागली. चिपाडं सारणारा हसून हसून खाली बसला. गुळव्या मात्र गंभीरपणानं म्हणाला, "गाणं म्हणतीयास का पाढं?"

मालकाची ना नव्हती. अट गुळव्यानं घातली. एक काहिल उतरायला अडीच-तीन तास लागतात, तेवढ्यात काय करायचं ते करा. पण गोळी जमली आणि त्यानं हाक दिली की गाणं कुठंही असो, सगळ्यांनी भिंतीला लागायचं. काहिल उचलून वाफ्यात ओतेपर्यंत मधे कुणी यायचं नाही. गूळ खोळंबत नसतो, आणि तो अंगावर सांडला तर कातडं घेऊन जातो.

त्यामुळं आता आमच्या माडीवर एक नवा कागद आहे. त्यावर गाण्याच्या कडव्यांसमोर काहिलीच्या वेळा लिहिल्या आहेत: रस कच्चा असतो तेव्हा पहिलं कडवं, मळी काढतात तेव्हा गिटार, रंग फिरायला लागला की दुसरं. भांडण उरलंय ते ध्रुपदाचं. भाचीला ते काहिल उचलण्याच्या क्षणी हवंय. ड्रमवाल्याचं म्हणणं, तेव्हा तर आपण भिंतीला चिकटलेले असणार, वाजवणार कोण? कॅमेरावाला म्हणतो, वाजवू नका, नुसते उभे राहा, मी गूळ घेतो. यावर ड्रमवाला उठून खाली चहाला गेला. जिन्यातून त्यानं आवाज दिला, "मग माझा ड्रम तिथवर न्यायचाच कशाला?" भाचीनं कागदावर ड्रमसमोर एक प्रश्नचिन्ह काढलं आणि टेम्पोवाल्याला फोन लावला.