कॉलेज जवळचं की लांबचं?



दहावी-बारावीचा निकाल लागला, की पेढ्यांचा डबा रिकामा व्हायच्या आत घरात प्रश्न निघतो, "आता कॉलेज कोणतं?" तुमच्यापैकी काहींच्या घरी यंदाच ही चर्चा चालू असेल, काहींकडे दोन-चार वर्षांनी होईल. म्हणून आमच्या घरी काय झालं, ते सांगते. आई-बाबांनाही वाचून दाखवा.

मी 2008 साली बारावी झाले. शिक्षिका व्हायचं पक्कं होतं, म्हणजे डी.एड. करायचं. आमचं गाव फलटण तालुक्यातलं. फलटणच्या एका अध्यापक विद्यालयात गुणवत्ता यादीतून माझा नंबर लागला. फी थोडी आणि एसटीचा पास काढला की रोज घरून ये-जा. पण मामा म्हणाले, "पोरीला पुण्याला घाला. पुण्याचं नाव लागलं की नोकरी कुठं जात नाही." त्यांनी एका खाजगी विद्यालयाचं रंगीत माहितीपत्रकच आणलं होतं. मोठी इमारत, संगणक कक्ष, वसतिगृह! मी तर त्या रात्री मनाने पुण्यात पोहोचलेसुद्धा.

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, दुधाच्या हिशोबाची वही काढली आणि कोऱ्या पानावर दोन रकाने आखले. फी, अनामत, वसतिगृह, खानावळ, सणावाराचं येणं-जाणं. दोन वर्षांचा पुण्याचा रकाना लाखाच्या पुढे गेला. फलटणचा पंधरा हजारांत बसला. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दोन गाई विकल्या तर जमंल." गोठ्यात गाई होत्या तीन. आज सांगायला लाज वाटते, पण ते ऐकून मला आनंदच झाला होता.

दुसऱ्या दिवशी प्राथमिक शाळेतल्या माझ्या बाईंना पेढे द्यायला गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "अगं, तिथे शिकवतात कसं, ते बघून आलीस का?"

मग अण्णा आणि मी दोन्हीकडे जाऊन आलो. डी.एड.ला सराव पाठ असतात, म्हणजे खऱ्या वर्गात खऱ्या मुलांना शिकवायचं. पोहायला शिकणाऱ्याला जशी विहीर, तसा आम्हांला वर्ग. पुण्यात इमारत खरोखरच छान होती. पण सराव पाठ कोणत्या शाळेत घेतात, हे कार्यालयात कुणालाच सांगता येईना. फलटणला व्हरांड्यात मुली पुठ्ठ्याची घड्याळं करत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांचे पाठ होते. शिवाय अभ्यासक्रम राज्यभर एकच आणि परीक्षाही राज्य परीक्षा परिषदेचीच. मग पुण्यात जास्तीचं मिळणार होतं काय?

मी फलटणला नाव घातलं. चार दिवस फुगून बसले, ते वेगळं!

2010 मध्ये डी.एड. झाले. त्या वर्षीच्या शिक्षक भरतीच्या सीईटीत गुण कमी पडले आणि मग भरती जवळजवळ थांबलीच. 2013 मध्ये टीईटी आली, 2017 च्या डिसेंबरात अभियोग्यता चाचणी झाली आणि 2019 मध्ये पवित्र पोर्टलमधून मला शाळा मिळाली. नऊ वर्षं! पुण्याला शिकलेल्या मुलीही त्याच रांगेत होत्या. त्या नऊ वर्षांत मी शिकवण्या घेतल्या, डेअरीत दूध घातलं. डोक्यावर कर्ज नव्हतं, म्हणून पुन्हा पुन्हा परीक्षेला बसता आलं.

म्हणजे जवळचं तेच चांगलं का? नाही हं! पुण्याला गेले असते तर मोठी ग्रंथालयं मिळाली असती, धीटपणा आला असता. बँकेत एकटीने जायला मला पंचविशी उजाडली. आणि धाकट्या भावाचं ऐका. त्याला 2012 मध्ये मत्स्यशास्त्र शिकायचं होतं. आता फलटणला समुद्र कुठून आणायचा? त्यासाठी रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालयच गाठायला हवं. अण्णांनी पुन्हा वही काढली आणि या वेळी एक गाय विकली. कुणीच नको म्हटलं नाही. त्याला हवं ते जवळ मिळतच नव्हतं.

तेव्हा मुलांनो, लांब जे मिळणार आहे ते जवळ मिळतं का, हे आधी बघा. माहितीपत्रकापेक्षा वर्ग बघा. आणि हिशोब नुसत्या फीचा नको, सगळ्या खर्चाचा करा. पालकांनी एक लक्षात ठेवावं. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने 2024 मध्ये घेतला. तो आपल्या अभ्यासक्रमाला लागू आहे का, हे प्रवेशाआधीच विचारावं. खोली आणि खानावळीचा खर्च मात्र वेगळा धरावा.

अण्णांची ती वही मी जपून ठेवली आहे. तुमच्या घरीही एक पान आखा. फक्त ते आखताना आई-बाबांच्या शेजारी तुम्हीही बसा. मी त्या रात्री बसले नव्हते, दारातून ऐकत होते.