लाळेची साक्ष

तोंडात असते तोवर लाळेवाचून घास गिळता येत नाही की शब्द नीट उच्चारता येत नाही. ओठांबाहेर आली की तिचीच किळस वाटते. जैन घरांत उष्टे आणि थुंकी यांविषयीचा विवेक बालपणापासून शिकवला जातो. शरीराबाहेर पडलेल्या अशा द्रव्यात मुहूर्तभरात, म्हणजे ४८ मिनिटांत, संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, असे परंपरा सांगते. ताट धुऊन पिण्याची शिस्त त्यातूनच आली. अशा या उपेक्षित द्रवाकडे दंतविज्ञान गेली काही दशके साक्षीदार म्हणून पाहू लागले आहे.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. तिचा ९९ टक्के भाग पाणीच असतो. उरलेल्या एका टक्क्यात क्षार, प्रथिने आणि विकरे, म्हणजेच एन्झाइम, असतात. यांतील काही विकरे लाळग्रंथींची नसतात. दात आणि हिरडी यांच्यामधील बारीक फटीतून एक द्रव सतत पाझरून लाळेत मिसळतो आणि त्याबरोबर जबड्याच्या हाडात काय चालले आहे, याची वार्ताही येते.

दातांना तार लावली की दात सरकतात, हे आज घरोघरी ठाऊक आहे. ते कसे सरकतात, हे मात्र फारसे ठाऊक नसते. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतुमय पडदा असतो. तारेचा दाब आला की हा पडदा एका बाजूला दबतो व दुसऱ्या बाजूला ताणला जातो. दबलेल्या बाजूला हाड झिजवणाऱ्या पेशी जमतात, ताणलेल्या बाजूला हाड घडवणाऱ्या. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर एका बाजूला नावे पडते, दुसऱ्या बाजूला जमा होते आणि या दोन्ही नोंदींचा मेळ बसला तरच दात नव्या जागी स्थिरावतो. साधारणपणे महिन्याला एक मिलिमीटर, एवढीच त्याची चाल.

हे ज्ञान मिळाले त्याची किंमत जैन वाचकाने जाणून घ्यावी अशी आहे. स्वीडनचे कार्ल सँडस्टेट यांनी १९०४ च्या सुमारास श्वानांच्या दातांवर तारा बसवल्या आणि नंतर त्या मुक्या जिवांच्या जबड्याचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. पुढे १९११ मध्ये ओपेनहाइम यांनी माकडांवर असेच प्रयोग केले. हाडातील घडामोड पाहायची तर हाड कापावे लागे आणि हाड कापायचे तर प्राण घ्यावा लागे. आज ज्या मुलामुलींचे दात सरळ होतात, त्यांच्या हास्यामागे या अबोल जिवांचे ऋण आहे.

विकरांनी एक वेगळा मार्ग दाखवला. हाड घडवणाऱ्या पेशींशी अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर निगडित आहे, तर हाड झिजवणाऱ्या पेशींशी ॲसिड फॉस्फेटेज. पेशी मेल्या किंवा फुटल्या की लॅक्टेट डिहायड्रोजिनेज आणि ॲस्पार्टेट ॲमिनोट्रान्स्फरेज ही विकरे बाहेर सांडतात. अमेरिकेत १९९६ मध्ये आणि इटलीत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत हिरडीच्या फटीतील द्रव टिपून, दात सरकत असताना अशा विकरांचे मोजमाप केले गेले. पुढे लाळेवरही असे अभ्यास झाले. लाळ घेणे त्याहून सोपे. काही न खातापिता थोडा वेळ शांत बसायचे आणि तोंडात साचलेली लाळ नळीत सोडायची. सुई नाही, रक्त नाही, वेदना नाही. प्रयोगशाळेत हा नमुना लगेच बर्फात ठेवतात, कारण विकरे उघड्यावर बदलतात. लाळ उघड्यावर राहू न देण्याचा आपला विवेक आणि प्रयोगशाळेची ही घाई यांची कारणे वेगळी आहेत. एकाचा पुरावा दुसऱ्याला जोडण्याचा मोह टाळलेलाच बरा.

या साक्षीची मर्यादाही मोठी आहे. लाळ ही साऱ्या तोंडाची एकत्र रोकड. कोणत्या दाताने किती भर घातली, हे तिच्यावरून कळत नाही. हिरड्या सुजल्या तरी हीच विकरे वाढतात. दिवसाच्या वेळेनुसारही त्यांचे प्रमाण बदलते. म्हणूनच नजर, क्ष-किरण चित्र आणि दिनदर्शिका यांवरच दंतवैद्यांचा भरवसा आजही अधिक आहे.

मग सामान्य कुटुंबाला याचा उपयोग काय? भुसाराचा व्यापार करणाऱ्या एका घरातील गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. सोळा वर्षांच्या नातीचा एक दात काढून त्या जागेत सुळा सरकवण्याचे काम चालू होते. जागा सात मिलिमीटरची, म्हणजे सहा-सात महिन्यांची वाट. आजोबांना ते पटेना. दिवाळीनंतर घरात लग्न होते. “डॉक्टर, तार जरा जास्त आवळा, पैशाची काळजी करू नका,” असे त्यांनी सांगून पाहिले.

डॉक्टरांनी शांतपणे समजावले. दाब प्रमाणाबाहेर गेला की त्या पातळ पडद्यातील रक्तप्रवाह थांबतो, पेशी मरतात आणि तो भाग काचेसारखा निर्जीव होतो. मेलेला भाग साफ होईपर्यंत दात अडून बसतो. घाई करावी आणि उशीर पदरात पडावा, असा हा व्यवहार. शिवाय मुळाचे टोक झिजून आखूड होण्याचा धोका वाढतो आणि ते मूळ पुन्हा वाढत नाही.

त्यातच पर्युषण आले. नातीच्या मनात अठ्ठाई होती आणि तार आवळण्याचा दिवस नेमका त्याच आठ दिवसांत येत होता. आईला काळजी वाटू लागली. उपवासात चावणे नसते, म्हणून लाळ कमी सुटते. दंतमंजनही वर्ज्य मानले, तर तारेभोवती थर साचतो आणि हिरड्या सुजतात. लाळेचे रक्षण नाही आणि वर नवा दाब, असा दुहेरी भार झाला असता. डॉक्टर नाराज होतील, म्हणून त्यांना काही सांगूच नये, असे नातीने ठरवले होते. शेवटी आजीनेच तिला बाजूला घेतले. “तप लपवून करायचे नसते गं. जा, सांग त्यांना.”

तिने सांगितले. डॉक्टरांनी उपवासापूर्वी दात स्वच्छ करून दिले, तार होती तशीच ठेवली आणि पुढची भेट पारण्यानंतर नेली. महाराजसाहेबांनी एकेका दिवसाचे पच्चक्खाण घेण्यास सुचवले, म्हणजे शक्ती पाहून पुढे जाता येईल. अठ्ठाई निर्विघ्न पार पडली. उपचार तीन आठवडे लांबला. लग्नात नात तारेसकट हसली. “भाव यावा म्हणून तूर वर्षभर वखारीत ठेवणारे आम्ही,” आजोबा म्हणाले, “पोरीच्या दातासाठी तीन आठवडे थांबायला काय झाले?”

लाळेच्या परीक्षेने उद्या दंतवैद्याला कदाचित सांगता येईल, की या दाताला हा दाब पुरे, त्याला विसावा द्या. तोवर तो विसावा कधी द्यायचा, हे वैद्याच्या अनुभवावर आणि रुग्णाच्या मोकळेपणावर अवलंबून आहे. ज्यांच्या घरात मुलांच्या दातांना तारा आहेत, त्यांनी चातुर्मासाच्या आरंभीच तपस्येचे दिवस वैद्यांच्या कानावर घालावेत. शरीराकडून जबरदस्तीने काही घेऊ नये, हे आपल्याला धर्माने शिकवले आहे. हाडाच्या वहीतील जमा-नावेही तेच सांगते.